ईसीजीवर ‘ब्लॉक’ लिहिलंय, पण नेमका कुठे? – हृदयाच्या विद्युतवहनाचा धागा

तलावपाळी
आरोग्य तपासणीच्या धाग्यावर ईसीजी रिपोर्टांचे फोटो येऊन पडताहेत आणि प्रत्येकाखाली तोच प्रश्न: ‘ब्लॉक आहे, म्हणजे अँजिओप्लास्टी का?’ नाही. रक्तवाहिनीतला ब्लॉक वेगळा आणि विजेच्या वाटेतला वेगळा. हा धागा फक्त दुसऱ्याचा. आधी वाट सांगतो, मग प्रश्न टाका.

सुरुवात एसए नोडपासून, ठोका इथूनच सुटतो. उजव्या अलिंदाच्या (हृदयाच्या वरच्या कप्प्याच्या) वरच्या टोकाला, वरची महाशीर जिथे आत उतरते, तिथे दीडेक सेंटीमीटर लांबीचा हा पट्टा असतो. ही नस नव्हे. स्नायूच्याच पेशी, पण आकुंचनाचं काम जवळजवळ सोडून दिलेल्या. साधी स्नायूपेशी ठोका झाला की पुढची हाक येईपर्यंत स्वस्थ बसते. एसए नोडच्या पेशीला ते जमत नाही. ठोका संपला की तिचा विद्युतदाब उणे ६० मिलिव्होल्टच्या आसपास येतो आणि लगेच सोडियम आत झिरपू लागतं. दाब उणे ४० पर्यंत चढला की कॅल्शियमची दारं उघडतात आणि ठोका सुटतो. झिरपणाऱ्या या प्रवाहाचं अधिकृत नावच ‘फनी करंट’ आहे. आयव्हाब्रॅडिनची गोळी नेमका तोच कमी करते, म्हणून तिने ठोके मंदावतात पण रक्तदाब फारसा उतरत नाही.

नोडला एकटं सोडलं तर तो मिनिटाला १०० च्या आसपास चालतो. विश्रांतीत आपले ६०-७० पडतात ते मेंदूकडून येणारी व्हेगस नस त्याला सतत आवरून धरते म्हणून. प्रत्यारोपण केलेल्या हृदयाची ही नस तुटलेली असते. ते बसल्या जागीसुद्धा ९०-११० ने चालतं.

तिथून लाट दोन्ही अलिंदांवर पसरते आणि ०.०३ सेकंदात अलिंद आणि निलय (खालचा कप्पा) यांच्या सीमेवरच्या एव्ही नोडला पोचते. इथे तिचा वेग एकदम पडतो, सेकंदाला जेमतेम ५ सेंटीमीटर. पेशी बारीक, एकमेकींशी जोडणारी छिद्रं कमी आणि उठाव वेगवान सोडियमवर नव्हे तर सुस्त कॅल्शियमवर. या रेंगाळण्यात ०.०९ सेकंद जातात, तिथून खाली जाणाऱ्या तंतूंच्या जुडग्यात, म्हणजे हिसच्या जुडग्यात, आणखी ०.०४. एकूण ०.१६ सेकंद. तेवढ्यात अलिंदं आपलं उरलेलं रक्त खाली ढकलून मोकळी होतात. हा उशीर म्हणजे दोष नव्हे, एव्ही नोडचं कामच ते.

अलिंद आणि निलय यांच्यामध्ये तंतूंची पक्की चकती असते, तिच्यातून वीज जात नाही. निरोगी हृदयात हिसचं जुडगं हीच एकमेव वाट. पुढे डावी-उजवी शाखा आणि पर्किंजे तंतू. तिथे वेग सेकंदाला २ ते ४ मीटर. आधी मधला पडदा, डावीकडून उजवीकडे, मग टोक, मग वरचा भाग, आणि सगळीकडे आतून बाहेर.

जाता जाता: शास्त्रज्ञांना ही वाट उलटी सापडली. पर्किंजे १८३९, हिस १८९३, तावारांचा एव्ही नोड १९०६ आणि कीथ-फ्लॅक यांचा एसए नोड १९०७. उगम सर्वांत शेवटी.

घोडबंदर_रोड
सोसायटीतल्या शिबिराच्या रिपोर्टवर ‘पीआर २१८, फर्स्ट डिग्री एव्ही ब्लॉक’ असं आहे. वय ६१, त्रास काही नाही. गोळ्या: मेटोप्रोलॉल ५०, टेल्मिसार्टन. काय समजायचं?

निशिगंध_नेरूळ
आधी मशीनवर विश्वास किती ठेवायचा ते सांगते, रोज हेच काम आहे.

कागद सेकंदाला २५ मिलीमीटरने सरकतो. लहान चौकोन ०.०४ सेकंद, मोठा ०.२०. पीआर म्हणजे पी लाटेच्या (अलिंदांची वीज) सुरुवातीपासून क्यूआरएसच्या (निलयांची वीज) सुरुवातीपर्यंतचा वेळ, मशीन तो मिलिसेकंदांत छापतं: तीन ते पाच लहान चौकोन म्हणजे नॉर्मल. पाचाच्या वर गेलं की मशीन ‘फर्स्ट डिग्री’ छापतं. पी लाट बुटकी असेल किंवा पेशंट थरथरत असेल तर मशीन सुरुवात चुकीच्या जागी धरतं. लीड दोनमध्ये (लीड म्हणजे हृदयाकडे बघायची एकेक बाजू) हाताने मोजा. आणि कागदाच्या कडेला ‘२५ मिमी/से’ आहे ना ते बघा. कुणी वेग ५० वर ठेवून विसरलं तर सगळे आकडे दुप्पट दिसतात आणि निरोगी माणूस आजारी ठरतो.

शिबिरात आणखी एक गोष्ट हमखास बिघडते. व्ही१ आणि व्ही२ हे छातीवरचे इलेक्ट्रोड चौथ्या फासळीवर नव्हे, तिच्याखालच्या चौथ्या जागेत लावायचे. छातीच्या हाडावर गळ्याच्या खळग्यापासून बोट खाली सरकवत न्या, साधारण चार-पाच सेंटीमीटरवर आडवा उंचवटा लागतो. त्याच्या बाजूला दुसरी फासळी. तिच्याखालची जागा दुसरी, तिथून मोजत चौथी. घाईत लोक दुसऱ्या-तिसऱ्या जागेत चिकटवून मोकळे होतात. मग व्ही१ मध्ये क्यूआरएसला दुसरा छोटा टेकाड येतो आणि मशीन ‘इनकम्प्लीट आरबीबीबी’ (उजव्या शाखेचा अर्धवट ब्लॉक) छापतं. खूण: त्याच वेळी व्ही२ मध्येही पी लाट खाली तोंड करून असेल तर आधी इलेक्ट्रोड उतरवून पुन्हा लावा.

डाव्या-उजव्या हाताच्या वायरी उलट्या लागल्या तर लीड एक पूर्ण उलटी आणि एव्हीआर सरळ दिसते. छातीच्या लीड ठीक असतात, त्यावरून पकडता येतं. पावसाळ्यात घामट त्वचेवर इलेक्ट्रोड सुटतात. आधी कोरड्या कापसाने पुसा, मगच जेल, आणि दोन इलेक्ट्रोडचं जेल एकमेकांत मिसळू देऊ नका.

पारसिक
@घोडबंदर_रोड, हाताने मोजूनही २१८ च असेल, क्यूआरएस अरुंद असेल आणि चक्कर-बेशुद्धी काही नसेल तर यावर उपचार नाही. मेटोप्रोलॉल एव्ही नोड मंद करतंच. गोळी स्वतःहून थांबवू मात्र नका. अचानक सोडली की ठोके आणि दाब उसळतात. पीआर ३०० च्या वर गेला तर वेगळी गोष्ट, तेव्हा अलिंद बंद झडपेवर आपटू लागतं आणि दम लागू शकतो.

‘ब्लॉक’ वाचल्यावर विचारायचा प्रश्न एकच: नोडमध्ये आहे की नोडच्या खाली? डिग्रीचा आकडा त्यानंतर.

नोडमधला ब्लॉक बहुधा समंजस असतो. सेकंड डिग्रीतला वेंकेबाख घ्या. पीआर १८०, मग २४०, मग २८०, मग एक क्यूआरएस गायब आणि पुन्हा १८० पासून सुरुवात. पट्टीवर ठोक्यांचे गट दिसतात. क्यूआरएस अरुंद. जिने चढले की सुधारतो, ठोके वाढवणाऱ्या अॅट्रोपीनने सुधारतो. पूर्ण बंद पडला तरी खालून ४०-६० ने, अरुंद क्यूआरएसचा आधार मिळतो.

खालचा, म्हणजे हिस किंवा शाखांमधला ब्लॉक दगाबाज. मोबिट्झ दोनमध्ये पीआर एकसारखा, १७०-१७०-१७०, आणि मध्येच सूचना न देता क्यूआरएस गायब. क्यूआरएस बहुधा रुंद, १२० मिलिसेकंदांच्या वर. व्यायामाने आणि अॅट्रोपीनने हा बिघडतो, कारण वरचा नोड जास्त संदेश पाठवतो आणि आजारी जुडगं आणखी टाकतं. पूर्ण बंद पडला तर आधार २०-४० चा, तोही कधी येतो कधी नाही. यात पेशंट चालता चालता कोसळतो. लक्षणं नसली तरी पेसमेकर.

दोनास एक जाणारा ब्लॉक एका पट्टीवरून कुठला ते सांगता येत नाही, कारण सलग दोन पीआर तुलनेला मिळतच नाहीत. लांब पट्टी काढा, पेशंटला पलंगाजवळ दोन मिनिटं जागच्या जागी चालवा (मॉनिटर लावून, डॉक्टर शेजारी असताना), गुणोत्तर सुधारतं की बिघडतं बघा.

हार्ट अटॅकमध्येही हाच हिशोब. एव्ही नोडला ८०-९० टक्के लोकांत उजवी रक्तवाहिनी रक्त देते, म्हणून हृदयाच्या खालच्या भिंतीच्या अटॅकमध्ये ब्लॉक येतो पण तो नोडचा. बहुतेकदा काही दिवसांत जातो. समोरच्या भिंतीच्या अटॅकमधला ब्लॉक म्हणजे मधला पडदा मेला, शाखा गेल्या. तिथे वाट बघायची नाही.

ऐरोलीकर
म्हणजे एव्ही नोड हा आमचा टोलनाका. हलक्या गाड्यांचा टोल गेला तरी प्रत्येकाला तिथे हळू व्हावंच लागतं.

तलावपाळी
अर्ध्यापर्यंत चालेल. नाक्यावर अडकलेली गाडी उशिरा का होईना, पलीकडे जाते. एव्ही नोडमध्ये अडकलेला संदेश तिथेच मरतो, आणि मरता मरता पुढच्यासाठीही नोड काही काळ बंद ठेवतो. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (अलिंदांची बेताल थरथर) अलिंदात मिनिटाला ३५० ते ६०० संदेश उठतात. ते सगळे खाली गेले तर निलय भरणारच नाही. नोड त्यातले १०० ते १६० सोडतो, तेही वेडेवाकडे अंतर ठेवून. नाडी संपूर्ण अनियमित लागते ती म्हणूनच. डिल्टियाझेम, बीटा ब्लॉकर, डिगॉक्सिन या गोळ्या फिब्रिलेशन बरं करत नाहीत, नोडला आणखी कंजूष करतात, एवढंच. पक्षाघाताचा धोका त्यांनी कमी होत नाही, त्यासाठी रक्त पातळ करणारी गोळी वेगळी लागते. घरोघरी इथेच गल्लत होते: नाडी ७२ वर आली की लोक ‘पातळ करणारी’ बंद करतात.

खाडीकाठ
अचानक १८० ठोके, दहा-वीस मिनिटांनी खटकन थांबतात. एसव्हीटी सांगितलंय. कुणी डोळे दाबायला सांगतं, कुणी बर्फाचं पाणी.

पारसिक
डोळे कधीही दाबायचे नाहीत, पडद्याला इजा होते.

एसव्हीटीत, म्हणजे निलयांच्या वरून उठणाऱ्या अचानक जलद लयीत, बहुतेकदा एव्ही नोडमध्येच दोन वाटा असतात, एक जलद, एक मंद. एखादा अवेळी ठोका मंद वाटेने खाली जातो, जलद वाटेने वर येतो आणि गोल फिरत राहतो. नोड क्षणभर बंद पाडला की गोल तुटतो. व्हेगस नस चाळवायची ती त्यासाठी.

त्यासाठीची जोर लावून फुंकायची युक्ती, सुधारित वाल्साल्वा, अशी: पेशंट पलंगावर ४५ अंशात टेकून. १० मिलीच्या सिरिंजमध्ये १५ सेकंद फुंकायचं, दट्ट्या जेमतेम हलेल इतक्या जोराने. फुंकणं संपताक्षणी पाठ सपाट करायची आणि दुसऱ्या माणसाने दोन्ही पाय ४५ अंश वर धरायचे, १५ सेकंद. मग पुन्हा टेकून बसवायचं. २०१५ च्या रिव्हर्ट चाचणीत या पद्धतीने ४३ टक्के लोकांची लय जागेवर आली, नुसतं बसून फुंकणाऱ्यांत १७ टक्के. पाय उचलायला माणूस आधीच तयार ठेवा. फुंकून झाल्यावर ‘अरे ये जरा’ म्हणून हाक मारण्यात तो क्षण जातो. रक्तदाब पडलेला असेल, छातीत दुखत असेल, तर हे करत बसू नका, १०८.

दवाखान्यात नोड क्षणभर बंद पाडणारं अॅडेनोसीन ६ मिलिग्रॅम, मग लागलं तर १२. फसतं ते औषध नव्हे, द्यायची पद्धत. अर्धायुष्य १० सेकंदांहून कमी. मनगटाच्या बारीक शिरेतून सावकाश दिलं तर हृदयापर्यंत पोचेस्तोवर संपतं. कोपराजवळची मोठी शिर, झटक्यात औषध, लगेच मागून २० मिली सलाईन आणि हात वर. पेशंटला आधी सांगा की काही सेकंद छातीत भयंकर वाटेल. दम्याच्या पेशंटला नको. थिओफायलीन (दम्याचं औषध) चालू असेल किंवा नुकतीच कडक कॉफी झाली असेल तर असर कमी.

तलावपाळी
याला एक अपवाद जोडतो. काहींच्या त्या तंतूंच्या चकतीत जन्मापासून एक जादा स्नायूची पट्टी असते, त्याला डब्ल्यूपीडब्ल्यू (वुल्फ-पार्किन्सन-व्हाइट) म्हणतात. ईसीजीवर पीआर आखूड आणि क्यूआरएसची चढण सुरुवातीला तिरकी. या पट्टीत एव्ही नोडचा उशीर नाही. अशा माणसाला एट्रियल फिब्रिलेशन झालं तर नोड मंद करणारी औषधं (व्हेरापॅमिल, डिल्टियाझेम, डिगॉक्सिन, अॅडेनोसीन) घात करतात. सगळी गर्दी आडवाटेने खाली जाते आणि निलयाचं फिब्रिलेशन होऊ शकतं. रुंद, अनियमित, २०० च्या वर अशी लय दिसली की या गोळ्या बाजूला, शॉकची तयारी.

रात्रपाळी
आयसीयूतून एक भर. ब्लॉक दिसला की सगळे हृदयाकडे बघतात, पोटॅशियम शेवटी आठवतं.

नेहमीचं चित्र: सत्तरीतली बाई, मधुमेह, किडनी थोडी कमी. गोळ्या रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन, बीटा ब्लॉकर. ‘बीपीला चांगलं’ म्हणून घरात लो सोडियम मीठ, ज्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. पावसाळ्यात जुलाब होतात, लघवी कमी होते, आणि घरचे शक्ती यावी म्हणून दिवसाला दोन शहाळी पाजतात. एका शहाळ्यात केळ्याहून जास्त पोटॅशियम. किडनी बाहेर टाकत नाही, बीटा ब्लॉकरही साचतो, ठोके ३४ वर, त्यामुळे किडनीला रक्त आणखी कमी. चक्र सुरू.

ईसीजीवर टी लाटा टोकदार, मग पी सपाट होत नाहीशी, मग क्यूआरएस रुंद. शेवटी क्यूआरएस आणि टी एकच लांबट लाट होतात, तेव्हा वेळ मिनिटांत मोजायची. अॅट्रोपीन इथे दाद देत नाही. कॅल्शियम ग्लुकोनेट १० टक्के, १० मिली, दोन ते पाच मिनिटांत, मॉनिटरवर नजर ठेवून. क्यूआरएस अरुंद झाला नाही तर पुन्हा. ते पोटॅशियम उतरवत नाही, हृदयाला अर्धा-एक तास सांभाळतं. उतरवायला इन्सुलिन १० युनिट आणि २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिली, मग काही तास दर तासाला साखर. इन्सुलिन देऊन साखर बघायला विसरणं ही इथली नेहमीची चूक. आणि रिपोर्ट ६.८ आला पण ईसीजी स्वच्छ असेल तर नमुना फुटलेला नाही ना विचारा. सुईतून जोरात ओढलं की रक्तपेशी फुटून पोटॅशियम खोटं वाढतं. दुसरा नमुना पाठवा, पण ईसीजी बदललेला असेल तर त्याची वाट बघू नका.

पावसाळ्याचीच आणखी एक गोष्ट: डेंग्यू उतरताना ठोके ४५-५० होतात, कधी वेंकेबाखही दिसतो. रक्तदाब, लघवी ठीक असेल तर बहुतेक आठवड्याभरात आपोआप जातं.

आणि कण्हेर. हायवेच्या दुभाजकावर, बागेत सगळीकडे आहे. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, डिगॉक्सिनच्या जातीचंच विष. एव्ही नोड बंद पाडतं आणि पोटॅशियमही चढवतं. लहान मुलाने बी चावलं असं नुसतं वाटलं तरी घरी मीठपाणी पाजून उलटी काढू नका, थेट दवाखाना, बी सोबत घेऊन.

बेलापूर_पट्टी
पेसमेकरवाल्या कामगारांचे प्रश्न टीटीसी एमआयडीसीतून (ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा) कायम येतात, एकत्रच लिहितो.

यंत्र डाव्या हंसलीच्या हाडाखाली, तार शिरेतून उजव्या निलयात. ते दोनच गोष्टी करतं: ऐकतं आणि ठोका देतं. बाहेरच्या विजेचा गोंगाट त्याला ‘ठोका आला’ असा ऐकू आला तर ते गप्प बसतं. स्वतःचा ठोका अजिबात नसलेल्या माणसाला हे धोक्याचं. म्हणून वेल्डरला परत कामावर पाठवण्याआधी विचारा: यंत्र थांबवलं तर खाली स्वतःची लय किती? शून्य असेल तर वेल्डिंग सोडा. आयसीडी (गरज पडल्यास शॉक देणारं यंत्र) असेल तर उलटा धोका, गोंगाटाला फिब्रिलेशन समजून ते शॉक देतं.

मोबाईल शर्टाच्या डाव्या खिशात नको, १५ सेंटीमीटर अंतर, उजव्या कानाला. इंडक्शन शेगडीपासून दोन फूट. मिक्सर, फ्रीज, टीव्ही बिनधास्त. आर्क वेल्डिंगला केबल दोन्ही एकत्र पिळून, अर्थिंग क्लॅम्प कामाच्या जवळ, वायरीची वेटोळी अंगाभोवती नाहीत, हातमोजे कोरडे; किती अँपिअरपर्यंत चालेल ते त्या कंपनीच्या पुस्तिकेत बघा, प्रत्येकाचं वेगळं. भोवळ आली की टॉर्च खाली आणि मागे व्हा, लय लगेच परत येते.

लोकलवाल्यांसाठी: यंत्र बसवल्यावर चार ते सहा आठवडे डावा हात खांद्याच्या वर नाही. म्हणजे वरची कडी उजव्या हाताने. तार अजून रुतलेली नसते, झटक्याने सुटते. पण हात बांधूनही ठेवू नका, खांदा आखडतो. खांद्याखाली सगळ्या हालचाली पहिल्या दिवसापासून.

तपासणीच्या कागदावर तारेचा रोध बघा. साधारण ३०० ते १००० ओहमच्या घरात असतो. मागच्या वेळी ६०० आणि आता २००० च्या वर म्हणजे तार आत तुटली किंवा स्क्रू ढिला. २०० च्या खाली म्हणजे वरचं आवरण गेलं. एकट्या आकड्यापेक्षा बदल महत्त्वाचा, जुने कागद फेकू नका.

पारसिक
यात एक जोड. तार निलयाच्या टोकाला रोवली की वीज पर्किंजेच्या वाटेने न जाता स्नायूतून हळूहळू जाते, डावी बाजू मागे राहते. दिवसभर यंत्रावरच चालणाऱ्या काही लोकांत वर्षांनंतर पंपिंग घटतं. म्हणून आता तार हिसच्या जुडग्यात किंवा डाव्या शाखेजवळ रोवतात. कायमस्वरूपी हिस पेसिंग प्रमोद देशमुख आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलं. एव्ही ब्लॉक असेल आणि पंपिंग आधीच थोडं कमी असेल तर डॉक्टरांना हा पर्याय विचाराच.

उपवन_पहाट
आरबीबीबीचं काय? आणि आमच्या पळणाऱ्या गटात एकाचं घड्याळ पळून आल्यावर निवांत बसलेलं असताना ३८ दाखवतं.

निशिगंध_नेरूळ
आरबीबीबी एकटाच, इको नॉर्मल, त्रास नाही: फाईलला लावून ठेवा, पुढच्या वेळी तुलनेला उपयोगी. एलबीबीबी (डाव्या शाखेचा ब्लॉक) नवा दिसला तर इको हवाच. शाखेचा ब्लॉक आणि सोबत बेशुद्धी, तर त्याच दिवशी कार्डिओलॉजिस्ट.

३८ चं: लांब पल्ल्याच्या धावपटूला झोपेत ४० असणं नवल नाही, व्हेगस जोरात असते. पण घड्याळ मनगटातला रक्ताचा धक्का मोजतं, वीज नव्हे. प्रत्येक दुसरा ठोका अवेळी असेल तर त्या ठोक्यात हृदय पुरतं भरलेलं नसतं, धक्का मनगटापर्यंत पोचत नाही, आणि ७६ चे ३८ दिसतात. ओळखायचं असं: एकाने मनगटाची नाडी मोजायची आणि दुसऱ्याने त्याच वेळी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून ठोके मोजायचे, पूर्ण एक मिनिट, पंधरा सेकंद गुणिले चार नाही. दोन्ही ३८ तर खरोखर मंद. छातीवर ७६ तर अवेळी ठोके, चोवीस तासांचा होल्टर (अंगावर बाळगायचा ईसीजी) लावून किती पडताहेत ते बघा. होल्टर लावलेल्या दिवशीही पळायला जा. पलंगावर पडून काढलेल्या होल्टरमध्ये पळताना काय होतं ते कुठून दिसणार!